बुबुळातील नवव्या गोळीची बखर

॥ श्री ॥

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि सेवकाच्या हाती बोरू देणे व काढून घेणे ज्यांच्या मर्जीवर, त्या कारभाऱ्यांस अंमळ अधिक वाकून नमन. शके १६९१ विरोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, ते दिवशी निशाणमैदानी जे जाहले ते लिहून काढावे, आणि त्यात जावईबापूंच्या सामानाची कीर्ती यथास्थित वर्णावी, ऐसी आज्ञा जाहली. सेवक ते दिवशी वही घेऊन मैदानातच बसला होता, म्हणोन कीर्तीत उणे पडू दिले नाही.

एक राज्य होते. नाव लिहीत नाही, कारण ज्यांचे आहे ते ओळखतील आणि बाकीच्यांस आपलेच वाटेल. त्या राज्यात गडाच्या दक्षिणेस एक मैदान होते आणि तेथे सटवाजी वस्ताद चाळीस वर्षे लोकांस बंदूक शिकवीत होते. वस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तीनशे पावलांवरचा निशाणाचा तख्ता त्यांस दिसत नव्हता, परंतु तो दिसण्याची गरजही पडत नसे, कारण ते तख्त्याकडे पाहातच नसत, शेजारी बसून शिकणाऱ्याच्या खांद्याकडे आणि बोटाकडे पाहात. त्यांची शिकवण अगदीच गावंढळ होती. पहिले तीन महिने दारूस हात लावू देत नसत. रिती बंदूक धरावी, नळीवर एक सुपारी ठेवावी, आणि चाप ओढावा. सुपारी पडली तर पुन्हा ओढावा. मग पालथे निजवीत आणि दंडास पट्टा आवळून बंदुकीचा भार पट्ट्यावर घेण्यास शिकवीत, आणि नेम धरल्यावर डोळे मिटून दोन श्वास घेण्यास सांगत. डोळे उघडल्यावर नळीच्या टोकाची नेमाची माशी निशाणावरून सरकलेली दिसली तर मनगटाने ओढून आणू देत नसत. कमरेपासून सारा देह हलवून पुन्हा निजावे लागे. अर्धा श्वास सोडून थांबावे, आठ मोजेपर्यंत बार निघाला नाही तर बंदूक खाली ठेवावी आणि पहिल्यापासून मांडावी. बार निघाल्यावरही डोळा माशीवरच ठेवावा. इतके करून झाले की 'सांगणे' म्हणून एक दस्तूर होता. तख्त्यांखालच्या खंदकात धोंडी काठीवाला बसे आणि गोळी लागली तेथे काठी टेकवून दाखवी. ती काठी वर येण्यापूर्वी शिकणाऱ्याने मोठ्याने सांगावयाचे की, गोळी कोठे गेली. ज्यास सांगता येत नसे त्याच्या हाती पुन्हा सुपारी येई.

"गोळी कुठं गेली ते काठीवाल्याला ठाव असतं, त्यात तुझं काय कवतिक?" ऐसे वस्ताद म्हणत. "तुला ठाव पायजे."

या मैदानात हौसा म्हणोन एक मुलगी होती, वय वीस-बावीस, तटावरील गोलंदाजाची लेक. बाप तोफेपाशी बहिरा जाहला होता. सहा वर्षे ती वस्तादांपाशी शिकत होती, आणि तिच्या नळीवरची सुपारी पडलेली कोणी पाहिली नव्हती. अवघ्या राज्यात बाईमाणसाच्या हाती बंदूक देणारी जागा ही एकच होती, आणि हे मैदान गेले तर आपली बंदूकही गेली, हे हौसास पक्के ठाऊक होते.

आता खऱ्या नायकाकडे वळू. कारभारी गमाजीपंत यांचे जावई यादवराव यांस नेमबाजीची आवड उत्पन्न जाहली, आणि त्यांनी विद्येचा आरंभ योग्य ठिकाणाहून केला, म्हणजे सामानापासून. म्हशीच्या कातड्याचा चार पदरी कोट आला. तो अंगावर चढविला असता कमरेत वाकता येत नसे, आणि यादवराव तो घालून दरबारी आले तेव्हा महाराजांस मुजरा न करिता ताठ उभे राहिले, ते पाहून चार मानकऱ्यांनी तसेच कोट सांगितले. मग हातमोजा आला, आणि तिकाटण्यावरची दुर्बीण आली, आणि सात प्रकारच्या उजेडासाठी सात माश्यांची मखमली पेटी आली. बंदुकीस अकरा मळसूत्रांचा दस्ता आला. वारा कळावा म्हणून बारा रेशमी निशाणे आली, आणि वारा पाहण्यास एक मनुष्य व पाहिलेला वारा बोलून दाखविण्यास दुसरा ठेविला. नजर इकडेतिकडे जाऊ नये म्हणून चष्मा केला, त्यास दोन्ही बाजूंनी चामड्याची झापडे लावली. सोमवारी नेम चुकला म्हणून दस्ता बदलला. मंगळवारी चुकला म्हणून पट्टा बदलला. बुधवारी दारू बदलली, गुरुवारी दारू भरणारा बदलला. ऐसे करता करता सर्व काही बदलून जाहले, फक्त यादवराव बदलावयाचे राहिले.

एके दिवशी यादवरावांनी वस्तादांस सर्व सामान दाखविले आणि अभिप्राय पुसला. वस्तादांनी कोट चाचपला, पट्टा ओढून पाहिला, आणि खरोखर आनंदले. म्हणाले, "माल नामी हाय. कोटानं पाठ हलत न्हाई, पट्टा बी झकास. माझ्या पोरांना असला पट्टा मिळाला तर म्या नको म्हनणार न्हाई. पन जावईबापू, ह्ये समदं घालून निजायचं कसं, ते कवा शिकायचं?"

यादवराव थेट वाड्यात गेले. "मामंजी, तो म्हातारा आमच्या कोटास हसला," ऐसे बोलिले. कारभाऱ्यांस फार दुःख जाहले, आणि त्या दुःखात त्यांस एकाएकी सुचले की, दक्षिणेचे मैदान उगाच मोकळे पडले आहे, तेथे यादवरावांच्या सामानासाठी एक महाल बांधावा. महाराजांपाशी विनंती केली की, सुपारीची विद्या जुनाट जाहली, आता सामानाचे दिवस. महाराज स्वभावे न्यायी, म्हणजे दोन्ही बाजूंस नाराज करू नये ऐसे, म्हणोन त्यांनी हुकूम केला की, दशमीचे दिवशी वस्तादाच्या एका शागिर्दाने तीनशे पावलांवरून दहा गोळ्या झाडाव्या. तख्त्याच्या मध्यावर काळा वाटोळा ठिपका असे, त्यास तेथील लोक बुबुळ म्हणत. दहांपैकी नऊ बुबुळात बसल्या तर मैदान वस्तादांचे. न बसल्या तर महाल बांधावा. यादवरावांनीही शेजारच्या तख्त्यावर झाडून सामानाचा गुण दाखवावा. एक जुना दस्तूर मानकऱ्यांनी वाचून दाखविला की, एका तख्त्यावर चुकून परकी गोळी आली, तर दोहोंतील चढती, म्हणजे मध्याच्या अधिक जवळची गोळी तख्त्याच्या धन्यास मोजावी. ते वाचन कोणी ऐकले नाही. दस्तूर ऐकण्यासाठी वाचीत नसतात.

दशमीस सकाळी मैदान भरले. हौसास दुसरा तख्ता, यादवरावांस तिसरा. महाराजांचा तंबू यादवरावांच्या जागेच्या बरोबर पाठीमागे, कारण पाहावयाचे ते तेथेच होते. घटिकापात्र पाण्यात सोडले, ते बुडण्यापूर्वी दहा गोळ्या संपवावयाच्या, आणि हौसाने आरंभ केला. आपली जुनी बंदूक, झिजलेला पट्टा, बापाची बंडी. डोळे मिटले, उघडले, टीचभर सरकली, पुन्हा मिटले. बार जाहला आणि ती म्हणाली, "मधी." काठी वर आली ती बुबुळावर. सेवकाने लिहिले. दुसरी मधी, तिसरी मधी. चौथ्या बारास म्हणाली, "डावीकडं, दोन बोटं भाइर," आणि काठी नेमकी तेथेच टेकली. तेव्हा वस्तादांनी नुसते हूं केले. मग पुढल्या पाच मधी. नऊ गोळ्यांत आठ बुबुळात बसल्या, एक उरली, आणि ती बसली की मैदान राहिले.

इतका वेळ यादवराव पोशाख चढवीत होते. आता चौघा नोकरांनी त्यांस उचलून सतरंजीवर पालथे निजविले, आणि मोठा घोर प्रसंग उभा राहिला. पालथ्या मनुष्याचे डोके तख्त्याकडे, म्हणजे पाय पाठीमागे, म्हणजे जावईबापूंचे जोडे थेट महाराजांच्या तोंडाकडे! नोकर घाबरले, कारभाऱ्यांनी डोळे वटारले, आणि चौघांनी मिळून यादवरावांचे पाय अदबीने उजवीकडे सारले. पाय उजवीकडे गेले तेव्हा डोके डावीकडे वळले, आणि बंदुकीचे तोंड दुसऱ्या तख्त्यासमोर आले. हौसाचे पाय कोणीकडे आहेत हे पाहण्यास कोणास फुरसत नव्हती. यादवरावांस झापडांमधून एकच तख्ता दिसत होता, तो स्वच्छ दिसत होता, आणि एवढे सामान असता तख्त्याचा अंक पाहण्याचे काम स्वतः करावे, ऐसे त्यांस वाटण्याचे कारण नव्हते.

हौसाने दहावा नेम धरला आणि वाऱ्याचा झोत आला. बंदूक खाली ठेवावयाची, हे तीही जाणत होती. परंतु घटिकापात्र बुडत आले होते आणि मैदान डोळ्यांपुढे उभे होते. तिने चाप ओढला. त्याच क्षणी यादवरावांनीही ओढला. दोन बारांचा एकच आवाज जाहला, आणि हौसा तत्क्षणी बोलली, "गेली. खाली उजवीकडं, चार बोटं भाइर." सेवकाने लिहिले आणि सेवकाचा हात थरथरला.

मग दुसऱ्या तख्त्यावर काठी आली, ती बुबुळावर. काठी हलली आणि खाली उजवीकडे टेकली. तिसऱ्यावर लाल फडके हलले. धोंडी खंदकातून डोके काढून ओरडला, "दोनच्या तख्त्याला दोन भोकं! तिनाचा कोरा!"

मानकऱ्यांनी दस्तूर उघडला आणि निर्णय केला की, चढती गोळी हौसाची, एकूण नऊ. लोकांनी गलका केला, पागोटी उडाली, बहिऱ्या गोलंदाजाने शेजाऱ्यास पुसले की काय जाहले, आणि समजले तेव्हा रडावयास लागला. हौसा उठून उभी राहिली.

"न्हाई सरकार," ती म्हणाली. "मधली माझी न्हवं. माझी खालची. म्या बोलून दावलंय, वहीत बघा."

कारभाऱ्यांस हर्ष मावेना. "ऐकावे महाराज! मुलगी स्वमुखे कबूल करिते! आठच! मैदान सोडावे!"

महाराजांनी सहज पुसले, "मग मधली गोळी कोणाची?"

कारभाऱ्यांचा हर्ष तोंडावरच थिजला. तितक्यात सतरंजीवरून, उठता येत नव्हते म्हणोन पालथे असतानाच, यादवरावांनी मोठ्या अभिमानाने आरोळी दिली, "आमची! आम्ही बुबुळच टिपले, महाराज!"

"कोणत्या तख्त्याचे?" महाराज बोलिले.

येथे कारभाऱ्यांची बुद्धी पाहावी. घटकेत त्यांनी जाणले की, आठ म्हणावे तर मधली गोळी जावयाची ठरते, आणि जावयाची ठरली तर साऱ्या सामानासह जावयाने दुसऱ्याचा तख्ता मारला ऐसे दप्तरी लिहावे लागते. मग ते पुढे जाहले आणि बोलिले, "महाराज, जावईबापूंचा बार अद्याप जाहलाच नाही. ते नुसते नळी साफ करीत होते. दोन्ही गोळ्या मुलीच्याच."

"एका बारात दोन?" महाराज बोलिले.

"जुनी बंदूक आहे, महाराज. जुन्या बंदुकीचा भरवसा काय!"

"न्हाई जी," हौसा म्हणाली. "एकच हुती. खालची."

"पोरी, गप्प राहा!" कारभारी गरजले. "तू नऊ टिपल्यास!"

"आठ, सरकार."

"नऊ!" आणि कारभाऱ्यांनी सेवकाकडून नऊ लिहवून घेतले, कमरेची मोहर काढून आपल्या हाते त्या नवावर उठविली, मैदान वस्तादांकडे कायम केले, आणि घाम पुसला. राज्याच्या इतिहासात प्रजेच्या बाजूने कारभारी इतके भांडल्याचे दुसरे उदाहरण नाही. यादवरावांच्या उरलेल्या गोळ्या मानकऱ्यांनी कौतुकाने माफ केल्या, आणि चौघांनी त्यांस उचलून पालखीत घातले.

मंडळी पांगली तेव्हा वस्तादांनी सेवकास बोलाविले. हौसाची सरावाची वही पुढे केली आणि म्हणाले, "मला दिसत न्हाई. आजचं लिवा. आठ."

"वस्ताद," सेवक म्हणाला, "सरकारी मोहर नवावर आहे."

"मोहरेला काय ठाव कुठं गेली ती! हिला ठाव हाय." मग हौसाकडे वळले. मैदान राहिले, पोर खरे बोलली, म्हणोन आवाज अधिकच खेकसला. "झोत आला तवा बंदूक खाली का न्हाई ठेवलीस?"

"मैदान जाईल म्हणून भ्याले, वस्ताद."

"मैदान बघत व्हतीस व्हय? माशी कोन बघनार?" ऐसे म्हणोन त्यांनी कनवटीची सुपारी काढून तिच्या तळहातावर ठेविली. दुसऱ्या दिवशी सूर्योदयी हौसा रिती बंदूक घेऊन पहिल्या दिवसाच्या पोरांच्या रांगेत, नळीवर सुपारी ठेवून उभी होती.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. सारांश इतका की, सामान उत्तम होते, गोळी बुबुळात बसली, फक्त तख्ता दुसऱ्याचा होता. सरकारी दप्तरी नऊ आहेत आणि हौसाच्या वहीत आठ आहेत. दोन्ही ठिकाणचे अक्षर सेवकाचेच आहे. त्यांपैकी एक लिहिताना हात थरथरला नाही. कोणते, ते वाचणाराने पाहावे. इति.