बिननावाच्या तबकडीची मोहीम

ईरी सरोवराचे दक्षिण तीरी ईस्टहॅवन नामे कसबा, तेथील समस्त थोरामोठ्यांस विदित व्हावे, की गेल्या हॅलोविनचे समयी या कसब्यात जे अघटित घडले त्याविषयी मागाहून नाना वावड्या उठल्या, कोणी म्हणाले भूत होते, कोणी म्हणाले यंत्राची करामत, कोणी म्हणाले सफरचंदाचा रस आंबला होता. सबब खरे काय ते दप्तरी असावे म्हणोन, ज्यांनी आपल्या कानी ऐकिले त्यांस पुसोन, पदरचे मीठ जरुरीपुरतेच घालोन, ही हकीकत लिहिली असे.

बर्नडेटबाई म्लाकर म्हणजे सामान्य असामी नव्हे. एकतीस वर्षे शाळेची पिवळी बस हाकली, साठ साठ पोरांचे बंडखोर लष्कर आरशातल्या एका नजरेने काबूत ठेविले, आणि बर्फ असो की चिखल, गाडी कधी खंदकात घातली नाही. मग चाकरी सुटली, यजमान रॉनी म्लाकर कैलासवासी जाहले, आणि बाईस एकच नाद उरला, तो हॅलोविनच्या विचित्र गाण्यांचा. जुने बाजार, गॅरेजमधल्या विक्र्या, मयतांचे माळे ऐसे फिरोन तिने जो खजिना जमविला तो पाहोन शहाणा मनुष्य दिङ्मूढ व्हावा. एका दंतवैद्याने स्वतः गाइलेली, रक्तपिपासूंनी दात कैसे राखावे याची ग्रामोफोन तबकडी. एका खत कंपनीने शेतकऱ्यांस वाटलेले बुजगावण्याचे विरहगीत. आणि शवपेट्या करणारे तिघे बंधू, ज्यांनी आपल्या मालाचे गुण तीन सुरांत वर्णिले, त्यांचीही. स्लोव्हेनी लोकांच्या सभागृहाचे तळघरी कसब्याचे चिमुकले रेडिओ ठाणे होते, तेथे ऑक्टोबर लागताच दर शनिवारी चार ते सहा बाई हा खजिना रयतेस ऐकवीत असे.

घरी सासूबाईंचा अंमल. गंगाभागीरथी अल्बिनाबाई म्लाकर, वय वर्षे नव्वद, पाठ बंदुकीच्या नळीसारखी ताठ, मुद्रा रविवारच्या प्रार्थनेची, आणि ती सातही दिवस. अडतीस वर्षे एका छपराखाली राहोन बर्नडेटबाईने सासूस हसताना पाहिले नव्हते. हॅलोविन त्यांस नामंजूर. त्या रात्री मिठाई मागत दारी येणाऱ्या पोरांस त्या मनुके देत, आणि पोरे ते घर ओळखोन होती.

ऐशियात सप्टेंबर सरता चर्चच्या जुन्या सामानाची विक्री लागली. तेथे एका मयत ढोलकियाच्या घरचे खोके आले होते, त्यात ताटल्यांखाली बाईस एक लहान तबकडी गावली. लेबल कोरे. वरी शिसपेन्सिलीने इतुकेच लिहिले होते की फादरसमोर लावू नये. घरी येवोन, सॉसेज तव्यावर टाकोन, तिने सुई ठेविली.

प्रथम अकॉर्डियन वाजला, पोल्काची चाल, लग्नात म्हातारेकोतारे नाचतात ती. मग वाद्ये एकाएकी थांबली, आणि त्या पोकळीत एक स्त्री हसली. ते हास्य तळघरातून निघाल्यासारखे खोल सुरू जाहले, जिना चढावा तैसे चढले, माळ्यावर पोहोचोन फुटले, आणि शेवटी एक उचकी लागोन संपले. मागोमाग पोल्का पुन्हा सुरू, जणू काही घडलेच नाही. सॉसेज कोळसा जाहले. तिने तबकडी पुन्हा लाविली, पुन्हा लाविली, आणि चौथ्या वेळी दारात सासूबाई उभ्या.

"बंद कर ते," अल्बिनाबाई म्हणाल्या.

"मा, ऐका तर! काय हसलीय बाई!"

"ऐकलं. बंद कर. आणि खिडकी उघड, घरभर धूर झालाय."

आणि त्या खोलीत निघोन गेल्या, आणि दार लाविले. बर्नडेटबाईने मनी आणिले की म्हातारीचा धर्म आड आला.

आता गनिमाची हकीकत. नॉर्बर्ट पेकोल, वय सत्तर, कसब्यातील माजी औषधविक्रेते, यांसही हाच नाद, परी यांजपाशी तबकड्या नंबरवार, रेशमी पाकिटांत, आणि मत प्रत्येक गोष्टीवर. शुक्रवारी सभागृहात तळलेल्या माशांचे जेवण असते, तेथे बर्नडेटबाईने हर्षभरे त्यांस तबकडी ऐकविली. पेकोलांनी डोळे मिटोन ऐकिले, रुमालाने बोटे पुसली, आणि फर्माविले की बँड जर्मन, मुलूख मिलवॉकी, आणि हास्य खोटे. फीत जलद फिरवोन केलेली चलाखी.

"नॉर्बर्ट, अरे ती उचकी ऐकलीस का? यंत्राला उचकी लागते होय?"

"बर्नडेट, मी चाळीस वर्षं लोकांच्या घशांना औषधं दिलीत. बाईमाणसाच्या घशातून हा आवाज निघूच शकत नाही."

"बाईमाणसानं तुझ्याकडून औषध घेतलं असेल, मग कसा निघेल?"

भोवतीची मंडळी खदखदली, पेकोलांची मर्जी खप्पा जाहली, आणि माशांचे साक्षीने करार ठरला तो ऐसा, की हॅलोविन शनिवारी येत आहे, त्या दिवशी सायंकाळी सहाचा भोंगा वाजोन पोरे दारोदारी निघण्यापूर्वी, बर्नडेटबाईने हसणारीचे नाव रेडिओवर पुराव्यासुद्धा जाहीर करावे. न जमल्यास तबकडी पेकोलांचे दप्तरी मिलवॉकीच्या नावे दाखल व्हावी. जमल्यास पेकोलांनी भोपळ्याचा पोशाख चढवोन म्लाकरांचे ओसरीवर उभे राहोन पोरांस मिठाई वाटावी.

मग बाईने मोहीम मांडिली. कानांस यंत्र लावोन तबकडी एकशेबारा वेळा ऐकिली, आणि पोल्का सुरू होण्याआधी कोणी पुटपुटतो ते तिला सापडले, "एना, द्वा, त्री". जर्मन मनुष्य ऐसे मोजीत नाही; हे आपले स्लोव्हेनी. तत्काळ सभागृही कूच केले. तेथील भिंतींवर साठ-सत्तर वर्षांच्या बँडांच्या तसबिरी, त्यांत तो मयत ढोलकिया एका बँडात सापडला, सोबत चौघे. तेथल्याच बारवर बसणाऱ्या बाईने एकेका मुखावर बोट ठेवोन सांगितले, हा गेला, हाही गेला, हा फ्लोरिडास गेला आणि मग गेला; राहिला एकच, लडी ओब्रेझा, अकॉर्डियनवाला, वय अठ्ठ्याऐंशी, दोन गावे पलीकडे.

बाईने बरोबर अक्रोडाची पोटित्सा, म्हणजे स्लोव्हेनी गोड पाव, घेतली, की नजराण्याविना किल्ला उघडत नाही, आणि गाडी हाकली. लडी ओब्रेझा पलंगाच्या अर्ध्या भागी निजत, अर्ध्या भागी अकॉर्डियन निजे. तबकडी ऐकताच म्हाताऱ्याची बोटे पांघरुणावर चालू लागली.

"अरे देवा! ही कुठं मिळाली तुला? दोनशे काढल्या होत्या आम्ही. सगळ्या गायब झाल्या."

"लडीकाका, हसणारी कोण?"

"विणकामाच्या गिरणीत होती एक पोरगी. दुपारच्या सुट्टीत हसायची, तर रस्त्यापलीकडचा खाटीक सुरी खाली ठेवायचा! आम्ही म्हटलं, ये, हस. एकदाच हसली, आणि काम फत्ते." म्हाताऱ्याने पोटित्सेचा तुकडा मोडिला. "मग लग्न झालं तिचं. फ्रँक म्लाकरशी. तुझं आडनाव काय म्हणालीस?"

फ्रँक म्हणजे बर्नडेटबाईचे कैलासवासी सासरे. परतीचे वाटेवर तिने हिरवा दिवा असता गाडी थांबविली, आणि मागल्यांनी भोंगे वाजविले तेव्हा भानावर आली. एकतीस वर्षांत ऐसे घडले नव्हते.

घरी अल्बिनाबाई बटाटे सोलीत होत्या. बाईने दुसरा चाकू घेतला, समोर बसली, आणि लडी ओब्रेझाचे नाव घेतले. सासूबाईंचे हात थांबले.

"जिवंत आहे का तो मेला?"

"आहे. मा, तुम्ही होतात ती?"

"मीच. मग?" अल्बिनाबाईंनी हात फडक्यास पुसले. "एकोणीस वर्षांची होते. फ्रँकच्या आईनं हॉलमध्ये ऐकली ती तबकडी. म्हणाली, असं गावाला हसून दाखवणारी पोरगी माझ्या घरात नको. फ्रँक काही बोलला नाही. घरोघर फिरला, सगळ्या तबकड्या गोळा केल्या आणि तळ्यात बुडवल्या. मला वाटलं, किती प्रेम आहे याचं. मग हसणं बंद केलं मी. सवय होते."

"मा, शनिवारी मी रेडिओवर सांगते सगळ्यांना..."

"माझं नाव घेतलंस तर याद राख, बर्नडेट. सत्तर वर्षं लोक मला ज्या नावानं ओळखतात ते मला राहू दे."

येणेप्रमाणे बाई पेचात सापडली. विजय मुठीत, आणि मूठ उघडण्याची मनाई. लडी ओब्रेझासही सासूबाईंची ताकीद पोहोचली, की तोंड उघडशील तर मी तुझ्याविषयी काय काय जाणते तेही ऐक. आणि म्हातारा, जो युद्धासही न डरला, तो गप्प बसला. बाईने तीन दिवस विचार केला. तबकडी म्हणजे तिच्या खजिन्याचा मुकुटमणी, ऐसा जिन्नस जन्मात पुन्हा मिळणे नाही, आणि मिलवॉकीच्या नावे पेकोलाच्या रेशमी पाकिटात तो गाडला जाणार, या कल्पनेने तिचा घास उतरेना. परी बाईच्या मनाने कौल दिला तो दिला.

हॅलोविन उजाडला. अंगणोअंगणी हाडांचे सापळे निघाले, झाडांवर कोळ्यांची कागदी जाळी चढली. चार वाजता रेडिओचे तळघरी नॉर्बर्ट पेकोल टाय बांधोन हजर, बगलेत रिकामे रेशमी पाकीट. बाईने दंतवैद्य वाजविला, बुजगावणे वाजविले, शवपेटीवाले बंधू वाजविले, आणि साडेपाचास ती तबकडी लाविली. हास्य कसब्यावर पसरले. मग बाई यंत्रापुढे बोलली.

"लोकहो, ही कोण हसली, ते मला सांगता येत नाही. मी हरले. तबकडी नॉर्बर्टची."

आणि तिने आपल्या हाते ती त्याच्यापुढे सरकविली, आणि डोळे छताकडे लाविले, की कोणी पाहो नये.

येथे पेकोलांनी थांबावयास हवे होते. शहाणा सरदार किल्ला मिळाल्यावर नौबत वाजवोन स्वस्थ बसतो. परी पेकोलांस व्याख्यानाचा झटका आला. त्यांनी घशाची रचना वर्णिली, फितीचा वेग वर्णिला, मिलवॉकीचा इतिहास वर्णिला, आणि अंती आज्ञापिले की ही चलाखीच होय. आणि समजा कोणी बाई असलीच, तर ती कुलीन घरची नसणार, ऐसे हसणारीस चांगल्या घरात कोण ठेवोन घेईल.

तोच टेलिफोन वाजला. बाईने कळ दाबली, आणि आवाज थेट रयतेच्या घरोघरी गेला.

"नॉर्बर्ट पेकोल?"

"बोलतोय."

"मी अल्बिना म्लाकर. तू चार वर्षांचा होतास तेव्हा माझ्या परसात, माझ्या टोमॅटोंवर, सगळ्या गल्लीसमोर काय केलं होतंस, आठवतं?"

पेकोलांचा चेहरा टोमॅटोसमान जाहला. "मिसेस म्लाकर, आपण रेडिओवर आहोत..."

"माहीत आहे. म्हणूनच फोन केला. चांगल्या घरात कोण ठेवून घेईल म्हणालास ना? घर माझं आहे, बाळा. मीच ठेवते लोकांना. आता नीट ऐक. घशाचं औषध जवळ ठेव."

आणि अल्बिनाबाई हसल्या.

प्रथम गंजलेल्या फाटकासारखे काही करकरले, खोकला आला, वाटले की संपले. मग ते तळघरातून निघाले, जिना चढले, नव्वद वर्षांच्या गुडघ्यांनी, एक पायरी चुकले, सावरले, माळ्यावर पोहोचले, आणि फुटले. आणि शेवटी ती उचकी. मेपल रस्त्यावर एका गृहस्थाने शिडी सोडिली. बारवरच्या बाईने पेला टाकिला. दोन गावे पलीकडे लडी ओब्रेझा पलंगावर उठोन बसला आणि अकॉर्डियन उराशी घेऊन वाजवू लागला. तळघरी बर्नडेटबाई हसू लागली, रडू लागली, दोन्हींचा ठिकाणा नाही. पेकोलांनी निमूट तबकडी परत सरकविली, रेशमी पाकिटासुद्धा. तेव्हा सहास अजून सात मिनिटे होती.

बाई घरी पोहोचली तो भोंगा वाजला होता, आणि अल्बिनाबाई ओसरीवर खुर्ची मांडोन, मांडीवर चॉकलेटांचे पातेले घेऊन बसलेल्या. मनुके कोठेच नव्हते.

"मा, तुम्ही तर म्हणाला होतात, नाव नको."

"तू नाही घेतलंस. मी घेतलं." मग जरा थांबोन त्या म्हणाल्या, "तू या घरात आलीस ना, पहिल्याच जेवणाला खळखळून हसलीस. मी टेबलावर चमचा आपटला होता."

"आठवतं."

"फ्रँकच्या आईनंही चमचाच आपटला होता." म्हातारीने सुनेचा हात घट्ट धरिला, आणि लागलाच सोडिला. "उभी काय राहिलीस? तो भोपळा आलाय बघ, त्याला वर घे. पायऱ्या दिसत नाहीयेत त्याला."

येणेप्रमाणे ईस्टहॅवनची मोहीम सिद्धीस गेली. ऑक्टोबरची एकतिसावी, शनिवार, सायंकाळी सहा वाजोन गेल्यावर आठपर्यंत नॉर्बर्ट पेकोल भोपळ्याचे वेषे ओसरीवर हजर राहिले, आणि एकशेचाळीस पोरांस आपल्या हाते मिठाई वाटिली. प्रत्येक टोळी आली की अल्बिनाबाई हसत, पोरे पिशव्या टाकोन पळत, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावरून परत येवोन म्हणत, "आजी, आणखी एकदा!" चार गल्ल्यांपलीकडची पोरे आली, त्यांचे बापही आले. मोहिमेत कामी आले वा हरवले ते ऐसे: मुखवटे तीन, एक चेटकिणीची टोपी, एक कुत्रा जो रविवारी दुपारी सापडला, आणि पेकोलांच्या पोशाखाची चेन, जी अडकोन बसली, सबब त्यांस कात्रीने कापोन बाहेर काढावे लागले. तबकडीच्या कोऱ्या लेबलावर त्याच रात्री जेवणाआधी नाव पडले, अल्बिना म्लाकर, ईस्टहॅवन. अक्षर सुनेचे. शाई वाळेपर्यंत सासूबाई त्यावर फुंकर घालीत होत्या, आणि मध्येच पुन्हा हसू फुटल्यामुळे म्लाकर शब्दावर एक डाग पडला आहे, तो तैसाच ठेविला असे.