आवाज पोचणारी टेकडी

वैनगंगेला पूर आला की आमचं गाव शाळेत राहायला जायचं. मायच्या डोक्यावर तांदळाचं पोतं, बाबांच्या खांद्यावर मी, आणि मागे आमच्या घराची मातीची भिंत पाण्यात बसत चाललेली. पाणी उतरलं की बाबा तीच भिंत पुन्हा घालायचे. पुढच्या पुरात ती पुन्हा बसायची. शाळेच्या व्हरांड्यात सगळे ओलेचिंब, गप्प. बोलायचा तो एकच माणूस. ओट्यावर उभा राहून, एक हात कमरेवर ठेवून तो गरजायचा, "गावकरी हो, पानी उतरून राह्यलं! पोचला का आवाज?"

ते सदारामभाऊ.

दिवाळीनंतर धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडईची जत्रा भरते, नाटकं लागतात, घराघरात पाहुणे मावत नाहीत. त्या नाटकांत भाऊंनी हयातभर डाकू, सावकार आणि दुष्ट सरदार केले. माइक म्हणजे त्यांना अपमान वाटायचा. "ज्याच्या छातीत आवाज नाई, त्यानं माइक धरावा," म्हणायचे. मोठा संवाद संपला की ते थेट मागच्या रांगेकडे बघत. तिथे त्यांची बायको पार्बताबाई बसलेली असायची. ऐकू आलं की ती हात वर करायची. मग भाऊ पुढच्या खुनाला मोकळे.

ही सवय रंगमंचावरून घरी आली. मिशा काढल्या तरी ती निघाली नाही. बाजारात वांग्याचा भाव विचारला तरी शेवटी "पोचला का आवाज?" मोबाइल हातभर लांब धरून बोलायचे आणि पलीकडचा माणूस नुसता "हां हां" म्हणाला तर चिडायचे, "हां नोको म्हनू, पोचला म्हन!" एकदा मयतीला गेले. घरच्या बाईला चार शब्द धीराचे सांगितले आणि सवयीनं विचारून बसले. त्या बाईनं डोळ्यांवरचा पदर बाजूला केला, "पोचला, भाऊ," म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली.

मी आर्किटेक्ट झाले. आमच्या घरातच काय, आमच्या अख्ख्या आळीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजून सांगत नाही. गाव टेकडीवर हलवायचं ठरलं आणि नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा बाबा दिवसभर उगाच गावात फिरत होते, कोणीतरी विचारावं म्हणून.

पण गाव हलायला तयार नव्हतं. त्याआधी एकदा अर्धं गाव सडकेकडच्या माळावर नेलं होतं. सरळ रांगा, एकाचं दार दुसऱ्याच्या पाठीकडे, बसायला ओटा नाही, जवळ दुकान नाही. लोक एकेक करून नदीकाठी परत आले. त्या पक्क्या घरांत आता बकऱ्या बांधतात. टेकडीचंही तसंच झालं असतं, तर पुढच्या पुरात आम्ही पुन्हा व्हरांड्यात.

सभेत पहिली उठली ती माझीच माय.

"मी नाई जात. तशा घरात मानूस मेला तरी शेजाऱ्याले समजत नाई."

सदारामभाऊ खाली बघत होते. नंतर मायनं मला घरी सांगितलं. माळावरच्या घरात पार्बताबाई न्हाणीत पडली. भाऊ दूर कुठे नाटकाला. बाईनं हाका मारल्या. शेजारी माणसं होती, पण त्यांचं दार भलतीकडे, भिंती पक्क्या, टीव्ही चालू. ती तिथेच गेली. "हे तो कोनाले सांगत नाई," माय म्हणाली. "तू बी विचारू नोको."

मी विचारलं नाही. नकाशा शाळेच्या भिंतीला लावला. टेकडीच्या उतारावर पायऱ्यांसारखे टप्पे. खालच्या घराचं छत ते वरच्या घराचं अंगण. सडकेला लागून किराणा, शिंपी, पंक्चरवाला, आणि त्या दुकानांच्या डोक्यावर त्यांचीच घरं. भाऊंनी मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं.

"हे तर नाटकाचं बसनं काढलं तू! पुढची रांग खाली, मागची वर." आणि खूष होऊन म्हणाले, "आता हे पास करतो मी."

पास कसं केलं? टेकडीवर मी घरांच्या खुणेला खुंट्या ठोकल्या होत्या. भाऊ एका खुंटीपाशी उभे राहायचे, शेजारच्या खुंटीपाशी कोणाला तरी उभं करायचे, आणि घरात बोलावं इतक्याच आवाजात विचारायचे, "भाजी कोन्ती केली?"

उत्तर आलं तर खुंटी राहिली. नाही आलं तर खुंटी उपटून जवळ.

"भाऊ, खाली पाण्याचा नाला काढलाय! कुठेही नका रोवू!"

"पान्याचं तू पाह्य. भाजीचं मी पाह्यतो."

शेवटी तसंच ठरलं. त्यांनी उपटायचं, मी नाला बघून पुन्हा ठोकायचं. आणि हा तमाशा बघायला, जे टेकडीचं नाव काढू देत नव्हते ते लोक वर यायला लागले. बाया खुंट्यांपाशी उभ्या राहून उत्तरं द्यायच्या.

"घोळची भाजी!"

"सुकी मासोळी!"

"बोलावता काऊन नाई मंग?" असं खालून कोणीतरी ओरडायचं आणि टेकडी हसायची. आठवडाभरात "ही माझी खुंटी, ती माझ्या बहिणीची" अशी भांडणं सुरू झाली. तेव्हा मी ओळखलं, गाव येतंय. एका संध्याकाळी पाहते तर माझी माय एका खुंटीजवळ बसलेली. "इथी वारा बरा लागते," म्हणाली. बस, एवढंच.

भाऊ चुकलेही. पिठाची चक्की टेकडीच्या मधोमध हवी, असा त्यांचा हट्ट. "बाया जिथी, गाव तिथी." मी नको म्हणत होते, पण सभेनं भाऊंचं ऐकलं. चक्की सुरू झाली. भाऊंनी भाजी विचारली. कोणालाच ऐकू गेली नाही. मग त्यांनी डाकूच्या आवाजात विचारली. कोंबड्या रानात पळाल्या, पण उत्तर आलं नाही. चक्की खाली सडकेला, मातीच्या बांधामागे गेली आणि तिच्या जागी नळ आणि मोठा ओटा आला.

"मी तेच म्हनून राह्यलो होतो," भाऊ म्हणाले.

घरं वाटताना सगळ्यांना वाटलं, भाऊ ओट्यासमोरचं पहिलं घर घेणार. त्यांनी सगळ्यात वरचं मागितलं. त्याच्या मागे फक्त सागाचं रान.

"भाऊ, गुडघे दुखतात ना तुमचे?"

"दुखू दे. मले मागची रांगच पायजे."

गेल्या दिवाळीनंतर टेकडीवर पहिली मंडई. नाटकाची तालीम मधल्या ओट्यावर, संध्याकाळी, चांगला उजेड असताना. पेंडाल नाही. लोक आपापल्या अंगणात बसलेले. भाऊंनी काम घेतलं नव्हतं. शिंप्याची मुलगी पहिल्यांदा उभी राहिली. माइक अजून जोडलेला नव्हता. तिनं संवाद म्हटला, मध्येच थबकली, आणि घाबरून वर बघत विचारलं, "भाऊ, पोचला का आवाज?"

सगळ्यांनी माना वळवल्या. सगळ्यात वरच्या अंगणात सदारामभाऊ उभे होते. त्यांनी हात वर केला, पार्बताबाई करायची तसा.

मग त्यांच्या खालच्या अंगणातून एक हात वर गेला. मग शेजारून. मग टप्प्याटप्प्यानं खालपर्यंत. आमच्या अंगणात माय भाकरी थापत होती, तिचा पिठाचा हातही वर.

आमचं सगळं गाव आता टेकडीवर राहतं. कोणीही परत गेलं नाही. या पावसाळ्यात वैनगंगेला मोठा पूर आला, आणि त्या दिवशी शाळेत शाळा भरली होती.