मसूर आणि एकादशीचे उंदीर

श्रीहरीचे पायी मस्तक. श्रोतेहो, टाळ क्षणभर मांडीवर ठेवा, जवळ सरका. बहुत थकल्या माणसांची गोष्ट सांगतो. शके सोळाशे ब्याण्णव, विकृती नाम संवत्सरी, एके राज्यीं महाराजांचे मिशीत पांढरा केस निघाला आणि महाराज चिंतावले, आणि वृद्ध नरहरवैद्य यांस आज्ञा जाहली की, अंगी मांस बांधणारे सत्त्व दुधातले घेतल्याने आयुष्य वाढते की डाळीतले, याचा निवाडा करावा. मग वैद्यांनी उंदरांच्या दोन रांगा मांडिल्या, आणि राजगिऱ्याच्या गोळ्यांत एकीस दुधाचा चोथा, दुसरीस मसुराचे पीठ चालविले, आणि राखणीस सटवाजी नामे भाविक म्हातारा ठेविला. तीन वर्षे गेली. चोथ्याचे उंदीर आधी मेले, मसुराचे सहा महिने अधिक जगले. महाराज संतोषले आणि हुकूम सोडिला की, उद्यापासून वाड्यात नित्य मसूर शिजावा. तेव्हां सटवाजी कळवळून बोलिला, "महाराज, उद्या एकादशी. उद्या तरी नको. मी उंदरांसही कधी घातला नाही."

वैद्य म्हणाले, "काय म्हणालास, सटवाजी?"

"धनी, आपण त्या दिवशी दिवसभर कीर्तनात. बोवांनी निरूपणात सांगितले, एकादशीस धान्यात पाप वसते. चोथा उपासास चालतो, तो घातला. मसूरवाल्यांस नुसते पाणी. महिन्यास दोनदा, तीन वर्षे."

महाराजांनी पुसिले, "मग गुण मसुराचा की उपासाचा?" वैद्य म्हणाले, "ठाऊक नाही, महाराज." दिवाण हसले, "उंदरांनी पुण्य नेले, आम्हांस वरण ठेविले!" महाराज कोपले, म्हणाले, या सटवाजीस हाकला. परंतु वैद्य हात जोडून बोलिले, "ठेवावा. गप्प राहता तर कोणास कळते? इतका खरा माणूस मज या वयात दुसरा कोठे मिळणार?"

मग पुन्हा दोन रांगा मांडिल्या. एकादशीस सटवाजी स्वतः निर्जळी राही आणि उंदरांस मसूर घाली, आणि म्हणे, "देवा, पाप मज लाव, यांस नको." दुसरे वर्षी वैद्य अंथरुणास खिळले. शेवटी पुसिले, "उंदीर आहेत ना रे?" "आहेत, धनी." आणि वैद्यांनी डोळे मिटले. तिसरे वर्षी दोन्ही रांगा आठ दिवसांचे अंतराने सरल्या. महाराजांचा हुरूप तोवर विझला होता, कोणी पुसिले नाही. मग सटवाजी वैद्यांचे अंगणी तुळशीपाशी गेला आणि हळू सांगितले, "धनी, मसुरात काही नव्हते. सारखेच."

ऐसे वर्तमान. सहा वर्षे गेली, आयुष्य कोणाचे वाढले नाही, खरे तेवढे कळले. श्रोतेहो, पुढील एकादशीस फराळास बसाल तेव्हां पहिला घास घेण्याआधी, ज्याने त्या दिवशी मसूर मळिला, त्या सटवाजीस आठवा.