सामंत डॉक्टरांच्या मागून येणारं

सामंत डॉक्टर जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायचे. भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभे राहायचे, मागच्याला पुढे जाऊ द्यावं तसे. मागे कुणीच नसायचं. मग किंचित मान हलवून पुढे चढू लागायचे.

नालासोपाऱ्यात तेव्हा वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. संध्याकाळी मेणबत्ती घेऊन दार उघडावं, तर अंधारात भिंतीला टेकलेले डॉक्टर. मी दचकून मागे सरायचे.

"घाबरू नका बाई, मीच आहे," ते म्हणायचे. मग जरा थांबून, "म्हणजे पुढे तरी मीच आहे."

डॉक्टर म्हणजे गुरांचे. अख्खी नोकरी कत्तलखान्यांत मांस तपासण्यात गेलेली. त्यामुळे बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर नसायची, उजव्या बरगडीखाली, यकृताच्या जागी असायची. आमच्या सोसायटीचे चेअरमन त्यांच्याशी बोलताना पोटावर फाइल धरून उभे राहत. बकरी ईदच्या आधी मागच्या गल्लीत बांधलेले बकरे दिवसभर ओरडत, पण डॉक्टर तिथून गेले की एकदम गप्प. "वास येतो त्यांना माझा," डॉक्टर सहज सांगायचे. "नोंद करण्यासारखी गोष्ट आहे." त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या, नोंद करण्यासारख्या आणि बाकीच्या.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते हे कळल्यावर एकदा ते कागदांचं गाठोडं घेऊन आले. त्यांना एक अभ्यास करायचा होता. कापलेल्या शेळ्यामेंढ्यांच्या कलेजीत जंतांमुळे पाण्याच्या गाठी होतात. त्या कुठे, कधी, किती सापडल्या, ते जुन्या तपासण्यांवरून काढायचं. आखणी मी करून द्यायची.

गावांप्रमाणे मांडून पाहिलं, ऋतूंप्रमाणे मांडून पाहिलं. काही जुळेना.

"आता माझ्या बदल्यांप्रमाणे मांडा," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

मांडलं. डॉक्टर ज्या गावी रुजू झाले, तिथे गाठी सुरू झाल्या. बदली झाली, गाठी थांबल्या. ते रजेवर गेले की सगळं कोरं, परतले की पुन्हा गाठी. भर दुपारी, पंखा चालू असताना माझ्या अंगावर काटा आला.

"मी जातो तिथे ते येतं," डॉक्टर म्हणाले. "मला माहीत होतं. फक्त कुणा तिऱ्हाइतानं तपासायला हवं होतं."

"ते म्हणजे काय?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"बायकोच्या पोटातही शेवटी तीच गाठ निघाली, बाई."

त्यानंतर मीही जिन्यात मागे वळून पाहू लागले. शिकलेली बाई, पण पाहायचे. मग परीक्षेचे पेपर तपासताना लख्ख उजेड पडला. माझ्या गठ्ठ्यात नापास भरपूर, आणि शेजारच्या सरांच्या गठ्ठ्यात एकही नाही. सर पेपर वाचतच नव्हते.

मी डॉक्टरांना गाठलं. "तुमच्या जागी येणारे कलेजी चिरून बघायचे का?"

"बघतात कुठले. शिक्के मारून मोकळे."

"मग त्यांना गाठ दिसणार कशी?"

डॉक्टरांनी मान हलवली. "हा तुमचा तर्क झाला. पुरावा कुठाय?"

"तुमच्या जागी नीट तपासणारं कुणीच नव्हतं?"

"होत्या एक. फिलोमिनाबाई. बायकोच्या आजारपणात मी रजेवर होतो तेव्हा. पण नेमके त्याच महिन्यांचे कागद वाळवीनं खाल्ले."

"त्या असतात कुठे?"

"इथेच, आगाशीला." मग हळू आवाजात, "त्या काय सांगतील याची भीती वाटते."

मीच त्यांना ओढून नेलं. फिलोमिनाबाईंचं घर केळीच्या वाडीत. वाट अरुंद, दोन्ही बाजूंनी गच्च सावली. आमच्या मागे सुकी पानं चुरचुरली. आम्ही दोघं एकदम थांबलो. चुरचुरही थांबली. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकलंत ना?" मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हणवेना.

फिलोमिनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, हे मला फार बरं वाटलं.

"सामंत, तुम्ही नव्हतात तेव्हाही गाठी होत्याच. मी प्रत्येक कलेजी चिरायचे. खाटीक वैतागायचे, ही बाई सगळा माल फेकायला लावते म्हणून."

"माझ्याइतक्या सापडायच्या?"

"तुमच्याइतक्याच."

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. "मग हिला कुठून...?"

"वहिनींना कुठून झाली ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. पण तुम्ही आणलीत असं कोण म्हणतं?"

"कुणी नाही," डॉक्टर म्हणाले. "मीच."

परत निघालो. आगाशीच्या बाजारात विरारची बस उभी होती. मी चढणार, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "विरारला माझी मुलगी असते."

इतकी वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं.

"नात चालायला लागली. रस्त्यापलीकडे उभं राहून पाहिली मी. जवळ कधी गेलो नाही. कशाला उगाच ते तिच्यापर्यंत न्यायचं, वाटायचं."

समोरच्या दुकानात सुकेळ्यांच्या, वाळवलेल्या केळ्यांच्या पुड्या मांडल्या होत्या. डॉक्टर तिथे जाऊन उभे राहिले.

"बाई, एवढं मूल सुकेळी खातं का?"

"बारीक तुकडे करून दिले तर खातं."

"बारीक म्हणजे केवढं?"

मी करंगळीचं नख दाखवलं. डॉक्टरांनी ते नीट न्याहाळलं. मग दुकानदाराला म्हणाले, "मऊ बघून द्या. नातीला न्यायचीत."