दत्तारामचे सुटे हात

गणपती घ्यायला आलेल्या माणसाला हमरापुरात बाकी सगळे किंमत सांगतात. आमचा शेजारी दत्ताराम त्याच्या घरच्या भिंतीचा रंग विचारतो. मग मखर केवढं, आरती कोण म्हणतं, घरात उंदराला घाबरणारं कोणी आहे का. गिऱ्हाईक तासभर बसतं आणि खूश होऊन जातं. माझ्या कारखान्यातून तेच गिऱ्हाईक पाच मिनिटांत बाहेर पडलेलं असतं. माझ्या पोटात दुखतं, हे कबूल करतो.

दत्ताराम पूर्वी धाटावला एका रंगाच्या कंपनीत शिफ्टला होता. तिथे पांढरा रंग भरून ठेवायचे आणि ऑर्डर आली की हवी ती छटा मिसळायचे. तेवढं एक शिकून हा परत आला. त्याच्याकडे धडाचे साचे तीनच. हात, सोंडा, मुकुट मात्र फळीवर सुटे, नाना तऱ्हेचे. गिऱ्हाईक सांगेल तसे जोडायचे आणि मग रंगवायचं. "कोरं ठेव. माणूस आल्याबिगर ब्रश उचलायचा नाय," हे त्याचं पालुपद.

मी चैत्रातच सगळ्यांना गुलाबी पितांबर नेसवून मोकळा होतो. चतुर्थी उलटली तरी त्यातले निम्मे माझ्याकडेच बघत बसतात. म्हणून गेल्या वर्षी मीही गुपचूप सुटे हात केले. शिवाय मुंबईच्या व्यापाऱ्याची मोठी ऑर्डरही घेतली. श्रावणात अशी धांदल उडाली की एका गणपतीला चारही हात उजवे लागले.

"त्याला विचारा जाऊन," बायको म्हणाली.

"मी नाय जाणार गो," म्हणालो आणि गेलो.

दत्तारामने काहीच लपवलं नाही, त्याचाच जास्त राग आला. "तुला व्यापारी पण पायजे नि घरचं गिऱ्हाईक पण. मी व्यापाऱ्याला नाय म्हटलं, म्हणून जमलं. आधी कोणासाठी करायचं ते ठरव, मग साचा काढ."

हरतालिकेला रोह्याच्या एका बाईंचा त्याला फोन आला. मूर्ती मखरात ठेवताना मोदकाचा हात निखळला होता. त्याची गाडी बंद, म्हणून मी नेलं. खरं तर गिऱ्हाइकं कशी धरून ठेवतो ते मला बघायचं होतं. त्याने नवा हात बसवला, जोडावर रंग फिरवला. बाई म्हणाल्या, "उद्या जेवायलाच या." तो ब्रश पुसायला लागला.

परतताना नागोठण्याला चहा घेतला. "एवढी घरं बोलवतात," मी म्हणालो, "कुठं जातोस?"

"कुठं नाय. भरल्या घरात जेवलं का माझ्या घरी परतायला जीव होत नाय. बायको गेल्यापासनं असंच." त्याने चहा बशीत ओतला. "तुझा लय हेवा वाटतो रे मला. सात माणसं घरात. भांडायला तरी कोण हाय."

इतकी वर्षं हेवा फक्त मीच करतो, अशी माझी समजूत होती.

हमरापूरला मी गाडी त्याच्या दारात थांबवलीच नाही. सरळ आमच्या अंगणात नेली. आत बायको आणि सून मोदकाच्या पिठावरून वाद घालत होत्या. दत्ताराम चप्पल काढायची विसरून दाराशीच उभा राहिला, ऐकत.