तिसऱ्या चंद्रावरचा एकविसावा अध्याय

या, असे जवळ सरका. मागच्यांनी पुढं यावं, खांबाला टेकलेल्यांनी टेकूनच राहावं, पण कान इकडं द्यावेत. आज एक आख्यान सांगतो. यात राजा नाही, राक्षस नाही. हट्ट्याची एक मेंढपाळीण आहे, एक पोथी आहे आणि आकाशात गेलेली एकशे चाळीस मेंढरं आहेत.

हट्ट्यात रखमाजी नावाचा एक मेंढपाळ होता. चौथीपर्यंत शिकलेला. मेंढरं चरताना त्याला करायला काही नसे, म्हणून त्यानं नऊ वर्षं वहीत एक कादंबरी लिहिली. नाव ठेवलं, 'तिसऱ्या चंद्रावरची चराई'. पृथ्वीवरचं गवत संपतं, म्हणून सटवाजी नावाचा मेंढक्या आपला कळप यानात घालून तीन चंद्रांच्या एका ग्रहाकडं निघतो. तिथल्या तिसऱ्या चंद्रावर निळं गवत आहे, आणि माणूस गायला तरच ते वाढतं. सटवाजीची बायको इकडं रोज एक भाकर जास्तीची थापते. वसमतच्या जलालुद्दीन बाइंडरनं त्या सगळ्या वह्यांचा मिळून एक जाडजूड ग्रंथ बांधून दिला. एकवीस अध्याय. दोन हिवाळ्यांमागं, पौषाचा गारठा बाधून रखमाजी वारला, आणि ग्रंथ त्याच्या बायकोकडं, भागाबाईकडं राहिला. भागाबाईला अक्षर येत नव्हतं.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. हातानं लिहिलेलं, जाड आणि जुन्या वासाचं जे काही असतं त्याला आपण पोथीच म्हणतो. शेषराव गुरुजींनी मारुतीच्या देवळात रोज चार वाजता एक अध्याय वाचायला घेतला. ग्रंथ लाल कापडात बांधला गेला, चौरंगावर बसला, त्याला हळदकुंकू लागलं. यान उडालं त्या दिवशी बायांनी फुलं टाकली. निळं गवत उगवलं त्या दिवशी टाळ वाजले. भागाबाई पुढं बसून ऐकायची आणि पदर तोंडाला लावून हसायची, कारण सटवाजीची बायको भांडायची ती थेट तिच्यासारखी.

विसाव्या अध्यायाच्या शेवटी यानात एकाच खेपेची हवा उरली. एक तर सटवाजी कळप सोडून घरी येऊ शकत होता, नाहीतर मेंढरांपाशी तिथंच राहू शकत होता. तिथं गुरुजींनी पोथी बांधली.

"पुढचं वाचा की गुरुजी," भागाबाई म्हणाली. "तो घरी येतो का न्हाई, तेवढंच सांगा."

"समाप्तीचा मुहूर्त सोमवारचा, भागाबाई. शेवटचा अध्याय समाप्तीआधी उघडत नसतात. मीसुद्धा पाहिला नाही अजून."

गुरुजी खरं बोलत होते. पोथीचा नियम त्यांनी आयुष्यात मोडला नव्हता. आणि हाच नियम पुढं सगळ्यांना भोवला.

शनिवारी परिपत्रक आलं. मराठवाड्याला अनुशेष काही नवा नाही. पाण्याचा आहे, रस्त्यांचा आहे. पण एक अनुशेष आजवर कोणाच्या नजरेत आला नव्हता : चित्रपट होण्यास पात्र असूनही चित्रपट न झालेल्या विज्ञान व अद्भुत कादंबऱ्यांचा. तो भरून काढण्यासाठी 'चित्रपटयोग्यता पडताळणी समिती' नेमली गेली होती. प्रत्येक जिल्ह्यानं एक कादंबरी पाठवायची. मूळ प्रतीत. सोमवारी दुपारी बारापर्यंत. कथानक फुटू नये म्हणून अर्जदारानं तिची झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो जवळ ठेवायचा नाही.

ग्रामसेवक शिवशंकर गाडीवरून भागाबाईच्या दारात आला.

"मावशी, नशीब काढलं तुमी. पिच्चर निघून राहिला रखमाजी काकांच्या पुस्तकावर."

"निघू द्या. सोमवारी शेवट ऐकते अन् मंग न्या."

"सोमवारी बाराला मुदत संपते. शेवट ऐकायला कशाला पाहिजे? मोठ्या पडद्यावर बघा. तुमाला वाचता येत न्हाई, पर बघता तर येतं ना?"

हे भागाबाईला पटलं. तिनं गुरुजींना विचारलं, आजच शेवटचा अध्याय वाचता का. गुरुजींनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या आणि म्हणाले, समाप्तीचा दिवस सोडून शेवट वाचला तर वीस दिवसांचं ऐकलेलं वाया जातं. पोथी गेली. लाल कापडातच गेली, कारण पोथी उघडी नेत नसतात.

समितीचं कार्यालय हिंगोलीत, दुसऱ्या मजल्यावर. आवक विभागात मोहिनी मॅडम बसत. त्यांनी गाठोडं पाहिलं, त्यावरचं कुंकू पाहिलं आणि खुर्ची मागं सरकवली.

"अरे देवा. हे इथं कोणी ठेवलं? मी सकाळी अंडं खाऊन आलेय."

"मॅडम, कादंबरी आहे ती," शिवशंकर म्हणाला.

"असेल. पण लाल कापडात आहे ना? उद्या अंघोळ करून नोंद घेते."

दुसऱ्या दिवशी मॅडम न्हाऊन आल्या, पण कार्यालय अधीक्षकांना सुतक होतं आणि गाठोडं त्यांच्या टेबलावरून जायचं होतं. सुतक फिटलं तेव्हा गुरुवार उजाडला. गुरुवारी पोथी मधूनच उघडत नाहीत, पहिल्या पानापासून वाचावी लागते, आणि पहिल्या पानापासून वाचायला कोणालाच वेळ नव्हता. अखेर मॅडमनी गाठोड्याला नमस्कार करून नोंद घेतली : 'वेष्टनासह प्राप्त. आशय पवित्र असावा.'

भागाबाई दर मंगळवारी एसटीनं हिंगोलीला येऊ लागली. तिचा प्रश्न एकच होता. पायऱ्या चढून ती मॅडमच्या टेबलाशी उभी राहायची.

"बाई, शेवटचा अध्याय तेवढा वाचून सांगा. तो मेंढक्या घरी येतो का?"

"आजी, शेवट गोपनीय असतो. चित्रपट प्रदर्शित होईपर्यंत."

"मला सांगितला तर कुणाला कळनार हाये? मी त्याच्या लिहिणाऱ्याची बायको हाये."

"मग तसा दाखला आणा."

तिनं दाखला आणला. तो पाहून समितीला सुचलं की लेखकाची संमती झाली, तर नायकाचीही हवी. सटवाजी काल्पनिक आहे असं अर्जात कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्याचा रहिवासी दाखला मागण्यात आला. शिवशंकरनं तो दिलासुद्धा. 'सदर इसम मौजे हट्टा येथील मूळ रहिवासी असून सध्या चराईनिमित्त बाहेरगावी आहे.' शिवशंकर लबाड नव्हता. त्याला काम पुढं सरकवायचं होतं, इतकंच.

मग समितीची बैठक झाली. पाच सदस्य होते. ग्रंथ मध्यभागी चौरंगावर, चपला दाराबाहेर. अध्यक्षसाहेबांनी विचारलं, सर्वांनी वाचला का. पाचही जणांनी ग्रंथाकडं पाहून हात जोडले. इतिवृत्तात याची नोंद 'सर्वानुमते होकार' अशी झाली. विज्ञान सदस्य म्हणाले की कृतीत वैज्ञानिक दृष्टिकोन ओतप्रोत भरलेला आहे, गाठोड्याजवळ बसलं तरी जाणवतो. साहित्य सदस्यांनी भाषेचं कौतुक केलं. शंभरपैकी शहाण्णव गुण पडले. चार का कापले, असं कोणी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की पूर्ण गुण देण्याची पद्धत नाही.

शिफारस झाली. सोबत अटी होत्या. प्राण्यांच्या वापराला परवानगी लागते, तेव्हा मेंढरं वगळावीत. तिसरा चंद्र जिल्ह्याच्या हद्दीबाहेर येतो, तेव्हा कथानक वसमत तालुक्यात आणावं. मेंढरं नाहीत तर मेंढक्याचं काम उरत नाही, तेव्हा त्याच्या जागी हळदीच्या शेतात गाणारी नायिका घ्यावी. मूळ कादंबरीच्या आत्म्याला धक्का लावू नये.

"म्हंजी काय ऱ्हायलं त्यात?" भागाबाईनं मॅडमना विचारलं.

"आत्मा, आजी," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ते अगदी मनापासून म्हटलं.

इथवरही बरं होतं. पण बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी अधीक्षकांची गडचिरोलीला झालेली बदली रद्द झाली. आदल्या दिवशी त्यांनी ग्रंथापुढं डोकं टेकवलं होतं. बातमी तिन्ही मजले फिरली. पोथी जागृत आहे, असं ठरलं. काचेची पेटी आली. गुरुवारी आरती होऊ लागली. रखडलेल्या फायली पेटीखाली ठेवण्यात येऊ लागल्या, आणि त्या तिथंच असल्यामुळं त्या रखडल्या आहेत असं कोणी म्हणेना. बाहेरगावची माणसं बढतीसाठी नवस बोलून जात. कोणी नारळाचं पाणी शिंपडी, कोणी दूध, कोणी पंचामृत. ओली फुलं वर, ओली फुलं खाली. अशा रीतीनं पाच महिने ग्रंथाची सेवा झाली आणि एकानंही कापडाची गाठ सोडली नाही. सोडायची हिंमतच कोणाची नव्हती. भागाबाई रांगेत उभी राहायची. तिचा नंबर आला की पुजारी झालेला शिपाई म्हणायचा, "माय, काय मागायचं ते मनात माग."

"मला मनात न्हाई मागायचं. मला ऐकायचं हाये."

"मागं लाइन लागलीय, माय. सरका."

शेवटी शेषराव गुरुजीच तिच्याबरोबर आले. पोथी गेल्यापासून त्यांना झोप नव्हती. एक अध्याय मागं ठेवून उठलेला वाचक कसा झोपेल. सोवळं नेसून, गळ्यात उपरणं घालून ते थेट अध्यक्षसाहेबांसमोर उभे राहिले.

"साहेब, पोथी मागत नाही. पोथीची समाप्ती राहिली आहे, तेवढी करू द्या. जिथं पोथी तिथं समाप्ती."

साहेबांनी नियम पाहिले. वाचनाला मनाई होती, पण समाप्तीला मनाई कुठंच नव्हती. शिवाय समाप्तीनंतर भंडारा असतो. परवानगी मिळाली.

मंगळवारी सगळं कार्यालय सतरंजीवर बसलं. भागाबाई सर्वांत पुढं. काच उघडली, कापड सुटलं. गुरुजींनी वंदन करून पुठ्ठा उचलला, आणि सगळा ग्रंथच विटेसारखा एकदम वर आला. हळद, दूध, साखर आणि नारळाचं पाणी यांनी पानं एकमेकांना चिकटवून टाकली होती. बाजूनं मुंग्या चालल्या होत्या.

 साहेबांनी वसमतला फोन लावून जलालुद्दीनला बोलावून घेतलं. तो दुपारी आला, चष्मा लावून त्यानं ग्रंथ उलटापालटा करून पाहिला.

"पाच महिन्यांत कुणी एकदाबी न्हाई खोललं?" त्यानं विचारलं. "पान रोज उलटलं असतं तं चिकटलं नसतं. कागजला हवा लागते, साब."

चहाच्या किटलीची वाफ देत देत, बोथट सुरीनं त्यानं मागच्या बाजूनं पानं सोडवायला सुरुवात केली. शाई पसरली होती. एकविसाव्या अध्यायाची अकरा पानं पिवळा लगदा झाली होती. गुरुजी एकेक पान उजेडाकडं धरत आणि मान हलवत. अगदी शेवटच्या पानावर, तळाशी, दीड ओळ शाबूत होती.

"वाचा गुरुजी," भागाबाई म्हणाली. "जेवढं हाये तेवढं वाचा."

गुरुजींनी वाचलं. "सटवाजीनं पुन्हा एकदा मेंढरं मोजली. एकशे एक्केचाळीस भरली."

"बस?"

"एवढंच आहे."

विज्ञान सदस्य म्हणाले की आकड्यात चूक दिसते, अर्जात एकशे चाळीस लिहिली आहेत. साहित्य सदस्यांना ते प्रतीक वाटलं. भागाबाईनं दोघांकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं ते शब्द ओठांत दोनदा म्हटले.

"मेंढी व्याली," ती म्हणाली. "कोकरू झालं तिथं. कोकरू ओलं असताना मेंढक्या कळप सोडून हालत न्हाई. त्याला घरी यायचं होतं, पर तो थांबला." मग गुरुजींना सांगावं तसं म्हणाली, "ह्यांनीबी तसंच केलं. पूसात शेतावर मेंढी अडली व्हती, तर हे तीन दिवस गारठ्यात तिच्यापाशी बसले. मेंढी वाचली. मी म्हटलं व्हतं, काहून बसले एवढं, घरी यायचं न्हाई का. तर हसले नुसते. मला काय ठाऊक, लिहून ठेवलंय म्हनून."

गुरुजींनी उपरण्यानं डोळे पुसले. जलालुद्दीननं सुरी खाली ठेवली. मॅडमही रडल्या, असं म्हणतात.

अध्यक्षसाहेब सर्वांत आधी सावरले. शेवट आता समितीच्या निदर्शनास आल्यामुळं तो भागाबाईंनी तीन प्रतींत लेखी द्यावा, असं त्यांनी सांगितलं. तिला लिहिता येत नाही हे कळल्यावर अंगठा चालेल, असंही सांगितलं. इतिवृत्त झालं : 'सर्व सदस्यांनी कादंबरी शेवटपर्यंत वाचली. प्रकरण निकाली.' मग पानं नीट जुळवून, नवं लाल कापड आणून, ग्रंथ पुन्हा बांधण्यात आला आणि पेटीत गेला. भंडारा उत्तम झाला. चित्रपट विचाराधीन आहे.

भागाबाई चारच्या एसटीनं हट्ट्याला परतली. पुन्हा कधी हिंगोलीला गेली नाही. तिथं जाऊन ऐकण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

आख्यान संपलं. तुमच्यापैकी कोणीतरी उठता उठता मला विचारणार आहे, महाराज, तो सिनेमा कधी येतोय. विचारा, मी रागावणार नाही. एवढा वेळ बसलात, माना डोलावल्यात, पण निळं गवत कोणतं गाणं गायल्यावर वाढायचं, हे एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. मीही त्या पेटीला नमस्कारच करून आलो आहे.

तेव्हा एक मागणं. मेंढरांमागं चालत नऊ वर्षं लिहीत राहिलेल्या रखमाजीची आठवण ठेवा. जोडलेले हात तेवढे खाली घ्या. हात जोडलेले असले की पान उलटता येत नाही.