चाळ कमिटीचं स्वतंत्र डोकं

माणूस स्वतःच्या डोक्याने चालतो, याबद्दल निदान पुरुषांत तरी दुमत नाही. भोईवाड्यातल्या चाळ कमिटीत असे अकरा पुरुष होते आणि बुधाजी त्यांचा अध्यक्ष.

संपात गिरणी गेल्यावर बुधाजी परळच्या एका इस्पितळात वॉर्डबॉय झाला. शहाण्णव साली तिथल्या एका व्याख्यानाला स्लाइडचं मशीन लावता लावता त्याने ऐकलं, की मेंदूत विचार करणाऱ्या पेशींभोवती आधाराच्या पेशी असतात. त्या भरवतात, सांडलवंड पुसतात. इतकी वर्षं शास्त्रज्ञ त्यांना नुसता डिंक समजत होते. आता कळलं, की त्याही गुपचूप रसायनं सोडतात आणि विचारवाल्या पेशींना कधी चेतवतात, कधी गप्प बसवतात.

बुधाजी चपापला. कमिटीच्या बैठकीत चहा त्याची बायको कौसल्या देत असे, गेली वीस वर्षं.

त्याच आठवड्यात ठराव झाला: 'निर्णयप्रक्रियेत बाह्य रसायनांचा शिरकाव होत असल्याने चहा बंद.'

बैठकीपुढे विषय एकच होता. बिल्डरच्या संमतीपत्रावर रविवारपर्यंत सही करायची की नाही? सही म्हणजे दोन वर्षं वडाळ्याच्या संक्रमण शिबिरात, मग नवी खोली. बिनचहाच्या तीन बैठका झाल्या. एकूण वेळ पाच तास दहा मिनिटं, जांभया एकोणनव्वद, निर्णय शून्य. (पंख्याला तेल घालावं, ही सभासद रामदासची सूचना अभ्यासासाठी राखून ठेवली.) बुधाजी मनातून घाबरला. गिरणी गेल्यावर ही खोलीच काय ती उरली होती, आणि त्याच्या स्वतंत्र डोक्याला काही म्हणजे काही सुचेना.

रविवारी चहा 'प्रायोगिक तत्त्वावर' सुरू झाला. कौसल्याने त्याच्यापुढे कप ठेवला आणि हळूच म्हणाली, "दोनच वर्षं म्हणतोय ना तो? संप दोन महिन्यांत मिटेल, असं तुम्ही पण बोलला होतात."

बुधाजीने कप संपवला, घसा खाकरला आणि बिल्डरने दोन वर्षांच्या मुदतीचा करार सरकारदरबारी नोंदवल्याशिवाय सही नाही, असं ठणकावून सांगितलं. एकमताने मंजूर. अध्यक्षांच्या स्वतंत्र बुद्धीची इतिवृत्तात नोंद झाली. (चहाबद्दलचे आभार जागेअभावी गाळले.)

वाचकहो, खुशाल हसा. फक्त 'हा निर्णय माझा' असं तुम्ही चारचौघांत सांगता, तो घेताना घरात ताट कोण वाढत होतं, तेवढं आठवून पाहा. आत जाऊन विचारू मात्र नका. "तुमचाच होता," असंच ती म्हणेल, आणि तुम्हाला तेही पटेल.